क्लॅरिसच्या सायकलवर पन्नास हजार घालावेत का?

माझं उत्तर आधीच सांगते. नव्या ग्रुपसेटसाठी, म्हणजे गिअर, ब्रेक, चेन यांच्या संचासाठी, घालू नयेत. दहा-अकरा हजार मात्र जरूर घालावेत, आणि तेवढ्यानेही जे सुटत नाही त्यासाठी सायकलच बदलावी. मी हेच केलं, आणि या क्रमाने केलं याचं मला समाधान आहे.

माझी रोडबाइक सुरुवातीच्या श्रेणीतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो कंपनीचा क्लॅरिस हा साधा ग्रुपसेट, पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या आणि मागे आठ गिअर, रिम ब्रेक, 25 मिलिमीटरचे टायर, वजन साडेदहा किलो. नाशिकला राहते, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे गिरणारे, हरसूल, त्र्यंबक, नाहीतर दिंडोरीमार्गे वणी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आमच्या गावच्या भावांनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथे रोडबाइक दिसणं नवलाचं राहिलेलं नाही. त्याचा एक परिणाम असा, की पहाटेच्या चहाच्या टपरीवर तुमच्या शेजारी उभी असलेली सायकल हमखास कार्बनची असते आणि सल्ला फुकट असतो. “मॅडम, वन-ओ-फाइव्ह टाका, सायकल बदलून जाईल.” हे मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात खर्चाचा अंदाज काढून घेतला. 105 हा शिमानोचाच वरच्या श्रेणीतला, अकरा गिअरचा ग्रुपसेट मजुरीसकट पन्नास हजारांच्या पुढे जात होता. म्हणजे मी ही सायकल ज्या किमतीला घेतली, जवळपास तेवढेच.

पैसे देण्याआधी मी एक यादी केली. मला या सायकलवर नेमका त्रास कशाचा होतो? चार गोष्टी निघाल्या. सप्तशृंगी गडाच्या चढावर गिअर संपतात. शंभर किलोमीटरनंतर हाताच्या करंगळ्या बधिर होतात. पावसात ब्रेक लागत नाहीत. आणि घोटीकडच्या उखडलेल्या रस्त्यावर मणक्यापर्यंत हादरे बसतात. या चौघांतल्या एकाचंही उत्तर 105 नाही. तो ग्रुपसेट उत्तम आहे. चालवून पाहिला आहे, गिअर बोटाच्या टोकाने पडतो, भाराखाली सुद्धा कुरकुरत नाही. पण क्लॅरिसचा गिअर ऐनवेळी अडला, असंही माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही. केबल वर्षातून एकदा बदलली आणि चेन स्वच्छ ठेवली, की तो आपलं काम चोख करतो. 2017 मध्ये आलेल्या आर-2000 मालिकेपासून त्याच्या गिअरच्या केबलही हँडलच्या टेपखालून जातात, त्यामुळे पुढे बॅग लावायलाही अडचण येत नाही.

वजनाचं म्हणाल, तर दोन ग्रुपसेटमधला फरक जेमतेम अर्धा किलो. मी, सायकल, दोन बाटल्या आणि बॅग धरून चढावर एकूण पंचाहत्तर किलो वर न्यायचे असतात. अर्धा किलो म्हणजे त्यातला दीडशेवा भाग. तासाभराचा चढ असेल तर अर्ध्या मिनिटाहून कमी वाचतं. त्यासाठी पन्नास हजार मी देणार नाही.

आणखी एक अडचण आहे, जी दुकानदार बहुधा काउंटरवर सांगत नाही. आठ गिअरच्या चाकाच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, शिमानोची अकरा गिअरची नेहमीची रोड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) बसत नाही, कारण त्या कॅसेटला जवळपास दोन मिलिमीटर जास्त रुंद हब लागतो. मग एकतर चाक बदला, नाहीतर 11-34 ची (सर्वांत लहान चकतीला 11 दात, सर्वांत मोठीला 34) एचजी-800 कॅसेट घ्या, जी जुन्या रुंदीच्या हबवरही बसते. मला ही वाट आमच्या मेकॅनिक दादांनी सांगितली. त्यांचं दुकान म्हणजे पंचवटीतलं एक शटर आणि बाहेर टांगलेला स्टँड. पण हिशेब मांडताना त्यांनी जे विचारलं ते पहिल्या दुकानात कुणी विचारलं नव्हतं: “तुम्हाला वर चढायला त्रास होतो ना? मग मागचा मोठा दाता बघू आधी.”

तर आधी कॅसेट. माझी मूळ कॅसेट 11-28 ची होती. पुढे 34 आणि मागे 28 असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.55 मीटर जाते. मागे 32 आला की 2.23 मीटर. मिनिटाला साठ फेरे धरले तर पहिल्यात ताशी नऊच्या वर वेग ठेवावा लागतो, दुसऱ्यात आठवर निभावतं. कागदावर हा फरक एका किलोमीटरचा दिसतो. नांदुरीहून गडावर जाताना जिथे वळणावर चढ एकदम उभा होतो, तिथे याच फरकाने मी सीटवर बसून राहते. पूर्वी उभी राहून पायडल मारायचे आणि वरच्या टप्प्यापर्यंत मांड्या संपायच्या. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरला 32 पेलतो का हे दादांनी आधी पाहिलं, मग चेन नवी आणि दोन कड्या लांब घातली. आठ गिअरची कॅसेट आणि चेन मिळून खर्च तीन हजारांच्या आत. अकरा गिअरची नुसती कॅसेटच याहून महाग पडते, आणि ती झिजली की तो खर्च पुन्हा. आठ गिअरचं हे मोठं सुख आहे: जाड चेन, स्वस्त सुटे भाग आणि तालुक्याच्या गावातही मिळणारी मदत.

मग टायर. 25 काढून 28 चे चढवले. जागा आहे, पण ब्रेकच्या कमानीखाली बोटभरही नाही. हवा नव्वदवरून सत्तर पीएसआयच्या आसपास आणली आणि सायकलचा स्वभावच बदलला. खडीच्या डांबरावर हात थरथरणं थांबलं, उतारावर वळताना विश्वास वाटायला लागला. तीन-साडेतीन हजारांत मिळालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा. कुणी नवीन रोडबाइकवाला मला विचारतो तेव्हा मी आधी टायरच सांगते, बाकी सगळं नंतर.

हात बधिर होण्याचा दोष मी ग्लोव्हजवर ढकलत बसले नाही, सरळ फिटिंग करून घेतलं, म्हणजे सायकल माझ्या मापाला जुळवून घेतली. माझ्या उंचीच्या सायकलला हँडल 42 सेंटिमीटरचं आणि स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा दांडा, 100 मिलिमीटरचा येतो. माझे खांदे अरुंद. हँडल 40 चं, स्टेम 80 चा, सीट थोडी मागे, नाक किंचित खाली. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जी नस जाते तिच्यावरचा भार कमी झाला, करंगळ्या शुद्धीवर आल्या. बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावं: कंपनी ज्या मापाने सायकल पाठवते ते माप तुमचं असेलच असं नाही, आणि ते बदलायला ग्रुपसेट लागत नाही, दोन ॲलन बोल्ट लागतात.

ब्रेकला पॅड बदलले. मूळ पॅड एकसंध रबराचे होते, ते काढून होल्डर आणि त्यात सरकणारे कूल-स्टॉपचे तांबूस पॅड घातले. केबल आणि तिचं बाहेरचं आवरणही नवं. कोरड्या रस्त्यावर फरक लगेच कळतो, कसारा घाटाच्या उतारावर दोन बोटांनी वेग धरता येतो.

इथवर सगळं मिळून साडेदहा हजार झाले. यादीतल्या दोन तक्रारी पूर्ण सुटल्या, हादरे निम्म्याने कमी झाले. पावसाळ्यातला ब्रेक मात्र सुटला नाही, आणि तो सुटणार नव्हताच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रिम ब्रेक म्हणजे चाकाच्या कडेला रबर दाबणं. ती कडा रस्त्यापासून वीतभरही दूर नसते. पावसात तिच्यावर पाण्याचा थर असतो, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर चाकाचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, पकड नंतर येते. त्यात आपल्याकडच्या रस्त्याची बारीक खडी पॅडमध्ये रुतते आणि ॲल्युमिनियम खरवडत राहते. घरी आल्यावर चाकावरून जो काळा चिखल निथळतो, त्यात तुमच्या रिमचाही अंश असतो. कोरड्या ऋतूत चालवणाऱ्याची रिम वर्षानुवर्षं टिकते. मी जुलै-ऑगस्टमध्येही त्र्यंबकला जाते, ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले असतात तेव्हा तिकडे न जाणं मला जमत नाही. माझ्या पुढच्या रिमवरची झिजेची खूण आता बोटाला लागत नाही, म्हणजे रिम संपत आली.

मग डिस्क ब्रेक बसवावेत? या फ्रेमला ते बसवायला जागाच नाही. पुढचा फोर्क बदलता येईल, मागच्या दांड्यांचं काही करता येत नाही. रुंद टायरचंही तसंच. 28 हा शेवट आहे, आणि त्यातही चिखल कमानीत अडकतो, मडगार्डला तर वावच नाही. फ्रेम हा सायकलचा वाडा आहे. खोल्या रंगवता येतात, दारं बदलता येतात, भिंतींमधलं अंतर वाढवता येत नाही. म्हणून सायकल सुधारायची की बदलायची हे ठरवताना मी प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारला: ही फ्रेममध्ये आहे, की बोल्टने लावलेल्या भागात? बोल्टवाल्या तक्रारी मी जुन्या सायकलवर मिटवल्या. फ्रेममधल्या दोन उरल्या, आणि त्या माझ्यासाठी गौण नाहीत.

कारण मला या मोसमात लांबच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करायच्या आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, ते या सायकलवर नीट जमतं. तीनशेला वीस तास मिळतात, चारशेला सत्तावीस. म्हणजे रात्र आलीच, आणि परतीचा पाऊस आला तर रात्री, ओल्या घाटात, थकलेल्या हातांनी उतरायचं. तिथे माझा या ब्रेकवर भरवसा नाही. वेग, वजन, दिसणं यांतल्या कशासाठीही मी दोन लाखांच्या नव्या सायकलचा विचार केला नसता. उतारावर थांबता यावं यासाठी केला.

गेल्या महिन्यात जायंट कंपनीची कन्टेन्ड एआर चालवून पाहिली, टिआग्राची (शिमानोचा 105 च्या एक पायरी खालचा ग्रुपसेट), हायड्रॉलिक डिस्कवाली. तिच्यावर 32 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर असतात आणि फ्रेममध्ये याहूनही रुंद टायर मावतात. वजन माझ्या सायकलपेक्षा फारसं कमी नाही, चढावर ती मला वेगवान वाटली नाही. गिअर दहा. पण आधी पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, गंगापूर धरणाकडच्या उतारावर एका बोटाने ब्रेक दाबला आणि सायकल तिथल्या तिथे, सरळ, न घसरता मंदावली. खड्डा चुकला नाही तेव्हा चाकाने तो गिळला. मला हवं ते हेच होतं, आणि त्यासाठी 105 चा आग्रहही सोडून दिला. टिआग्रावर जे पैसे वाचतात त्यात चांगले दिवे, मडगार्ड आणि डायनॅमो हब येतो, जे रात्रीच्या बीआरएमला अकराव्या गिअरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

डिस्कचे स्वतःचे लाड असतात, हेही सांगायला हवं. पावसाळी चिखलात तिचे पॅडही झिजतात. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइलच लागतं आणि त्या तेलात शिरलेली हवा काढायचं काम प्रत्येक गल्लीतल्या दुकानात होत नाही. रेल्वेने नेताना चाक काढलंत आणि चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, म्हणून मधे प्लास्टिकची चकती घालून ठेवावी लागते. ज्यांचं सायकलिंग ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंतचं आहे, त्यांना यातलं काहीच लागत नाही. त्यांनी क्लॅरिसच ठेवावी, 28 चे टायर, 32 ची कॅसेट आणि स्वतःच्या मापाचं हँडल घालावं, आणि उरलेल्या पैशांत पंढरपूरची सायकल वारी करावी.

माझी जुनी सायकल मी विकणार नाही. बाजारात तिच्या सुधारणांचे पैसे कुणी देत नाही. टायर, कॅसेट, स्टेम सगळं धरून भाव मूळ सायकलचाच होतो. हेही ग्रुपसेट न घालण्याचं एक कारण होतं. पुढची रिम बदलून ती कॉलेजला जायला ठेवणार आहे. तुम्ही जर अशी जुनी रिम ब्रेकची रोडबाइक विकत घेत असाल, तर गिअर किती आहेत हे विचारण्याआधी रिमच्या कडेवर नख फिरवा. कडा आत खोलगट लागली किंवा झिजेची खूण दिसली नाही, तर चाकांचे पाच-सहा हजार भावातून कमी करून घ्या. चेन मोजायची पट्टी जवळ ठेवा, आठ गिअरला चेन झिजून 0.75 टक्क्यांहून जास्त लांबली असेल तर कॅसेटही सोबत जाईल असं धरा. आणि मागच्या टायरऐवजी 28 चा टायर त्या फ्रेममध्ये घालून, चाक फिरवून बघा. नुसतं विचारू नका, दुकानदार होच म्हणतो.