रशियन खेड्यातलं घरगुती प्लेग्राउंड की कबरस्तान?
रशियन खेड्यात लोकांचा हात कुठे चालतो बघायचं तर या दोन जागा. प्लेग्राउंड म्हणजे फुल जुगाड, जुना टायर कापून उलटवून केलेला पांढरा हंस, लाल चोच, बाटल्यांचं ताडाचं झाड, पण टायरमधली तार बाहेर आली की पोरांना लागणारच ना! कबरस्तानात मात्र निगुतीने काम, कबरीभोवती लोखंडी कुंपण, बरेचदा निळं, आत बाक न छोटं टेबल, कारण ईस्टरपासून नवव्या दिवशी, मंगळवारी, रादोनित्सा (मेलेल्यांची आठवण काढायचा ऑर्थोडॉक्स दिवस) असते तेव्हा घरचे सगळे तिथे जाऊन साफसफाई करतात, रंगीत अंडी ठेवतात, तिथेच बसून खातात (व्होडका चर्चला पटत नाही, तरी ग्लास भरतोच, वर काळ्या ब्रेडचा तुकडा). फुलं सम संख्येत, विषम फक्त जिवंत माणसांना. मला विचाराल तर कबरस्तानच भारी, हंस दोन-चार बघितले की झालं.