कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा नोंदशोध: सातारा-सांगलीच्या घरांना किती उपयोगी?

"बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." माण, खटाव, कोरेगाव, तासगाव, खानापूर या पट्ट्यात कितीतरी घरांत पणजोबांची माहिती या एका वाक्यावर संपते. जवान कुठे पडला, कसा पडला, पहिली माती किंवा अग्नी कुठे मिळाला, हे शोधायला सुरुवात करायची तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळाशिवाय पर्याय नाही. राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी ही संस्था 1917 सालची. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांच्या नोंदी तिथे मोफत पाहता येतात. सेवा मोलाची आहे, पण शोधाच्या पहिल्या पानालाच उत्तर मानलं तर ती हमखास चुकीच्या जागी नेऊन सोडते.

पहिली अडचण नावाची. भारतीय जवानाचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यातच भरलेलं असतं. नुसतं "जाधव" टाकून काही सापडत नाही म्हणून सोडून देऊ नका. आधी पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून पाहा. मग स्पेलिंग बदला. पवारचं पोवार, चव्हाणचं चवान, जाधवचं जादव किंवा यादव होतं. इंग्रज कारकुनाच्या कानाला जे आलं ते कागदावर उतरलं. घरात पहिल्या महायुद्धानंतर सरकारने मृतांच्या घरच्यांना दिलेली साधारण 12 सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची गोल थाळी असेल, तर तिच्यावरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं टाका. युद्धपदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. क्रमांक हाती लागला की निम्मं काम झालं. (पदक घासून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरं आधी जातात.)

दुसरी अडचण जिल्ह्याची, आणि ती खास आपली. सांगली जिल्हा 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा इथल्या जवानांच्या नोंदीत म्हणून "सातारा"च सापडेल. मिरज, सांगली, जत, औंध, फलटण ही तेव्हा संस्थानं होती, तिथल्या माणसापुढे संस्थानाचं नाव असू शकतं. "अधिक माहिती"च्या रकान्यात गावाचं नाव टाकून शोधता येतं. ही या सेवेतली सर्वांत उपयोगी सोय, आणि बहुतेकांना ती माहीतच नसते. काही गावांत किती जण लढाईला गेले आणि किती पडले एवढंच सांगणारा दगडी फलक असतो. त्यावर नावं नसतात, पण या रकान्यातून निघालेली यादी त्या आकड्याशी ताडून पाहता येते.

पलटण निवडताना फक्त "मराठा" शब्दावर थांबू नका. फ्रान्समध्ये 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. त्या मुंबई इलाख्याच्या, म्हणजे आपल्या भागातला जवान त्यांतही असू शकतो. 1922 च्या फेररचनेत पलटणींचे क्रमांकही बदलले. 103 ची 1/5, 105 ची 2/5, 110 ची 3/5, 116 ची 4/5 आणि 117 ची 5/5 मराठा लाइट इन्फंट्री झाली (1/5 म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण). घरात "तिसरी पलटण" म्हणत असतील, तर ती 1922 च्या आधीची की नंतरची, हे आधी ठरवावं लागतं.

आता मुख्य गफलत. नोंदीत "बसरा मेमोरियल" दिसलं की घरचे समजतात, पणजोबा बसऱ्यात पुरले. तसं नाही. ज्याची कबर ठाऊक नाही त्याची नोंद स्मारकाखाली जाते. त्या स्मारकावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुठेही मेलेला जवान तिथे सापडतो. 103, 110 आणि 117 मराठा तुर्कांनी कूटला (हेही इराकमधलंच) घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल तर कैदेतल्या मृत्यूची शक्यता धरा आणि रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या 1914-18 च्या युद्धकैद्यांच्या नोंदी पाहा. त्याही ऑनलाइन मोफत आहेत. ब्रह्मदेशात बेपत्ता झालेल्याचं नाव रंगून मेमोरियलवर मिळतं. दिल्ली/कराची 1939-1945 स्मारकाच्या यादीत नाव असणं म्हणजे दिल्लीत मृत्यू नव्हे. ती 25 हजारांहून अधिक जवानांची यादी आहे आणि दोन्ही शहरांसाठी एकच आहे. इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीत दहनस्मारक आहे. 500 हून अधिक भारतीयांना तिथे त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिल्याची नोंद आहे. अशा नोंदीत कबर शोधत बसू नका.

कबर असेल तर मात्र नोंदीखाली जोडलेले स्कॅन उघडा. खरं घबाड तिथे आहे. कबर नोंदणी अहवालात ओळ आणि कबरीचा क्रमांक मिळतो, शिलालेख तक्त्यात दगडावर काय कोरायचं ते. सर्वांत बोलका कागद म्हणजे एकत्रीकरणाचा अहवाल. लढाईनंतर विखुरलेल्या कबरी उकरून मोठ्या दफनभूमीत आणल्या, त्या वेळी भरलेला हा तक्ता. त्यात देह आधी कुठे सापडला त्याचा नकाशासंदर्भ, जागेवर क्रॉस होता का, ओळख कशावरून पटली आणि सोबतच्या वस्तू पुढे पाठवल्या का, असे रकाने असतात. पहिली माती कुठे मिळाली याचं उत्तर या एका रकान्यात असतं.

फ्रान्समधला संदर्भ "36.एस.5.डी.4.7" असा दिसेल. 36 हा नकाशाचा क्रमांक, एस हा मोठा चौकोन, 5 हा त्यातला 1000 यार्डांचा चौकोन आणि डी हा त्याचा 500 यार्डांचा पाव भाग. शेवटच्या दोन आकड्यांत आधी पूर्वेकडे, मग उत्तरेकडे मोजायचं, नैऋत्य कोपऱ्यापासून, एका आकड्याला 50 यार्ड. हे दोन आकडे उलटे मोजले की शेजारचंच शेत सापडतं, आणि ही चूक नेहमी होते. त्या काळचे खंदकांचे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने खुले ठेवले आहेत. इटलीतल्या सहा आकडी संदर्भात पहिले तीन पूर्वेचे, पुढचे तीन उत्तरेचे; शेवटच्या आकड्याला 100 मीटर.

मृत्यू कसा झाला, हे ही सेवा सहसा सांगत नाही. त्यासाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली पलटणीची युद्धदैनंदिनी लागते. पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ (ब्रिटिश युद्धखात्याचे कागद) मालिका 95, दुसऱ्यात मध्यपूर्वेसाठी 169, इटलीसाठी 170 आणि ब्रह्मदेशासाठी 172. साध्या शिपायाचं नाव तिथे क्वचितच येतं, "आयओआर (भारतीय शिपाई व इतर हुद्दे) 3 ठार" एवढाच आकडा असतो. कमिशनच्या तारखेला दैनंदिनीत कोणीच ठार नसेल, तर जवान जखमी होऊन मागे गेला आणि तिथे वारला, असा अंदाज बांधावा. मग पहिली कबर रणांगणावर न शोधता त्या भागातल्या फील्ड ॲम्ब्युलन्सच्या (रणांगणामागच्या वैद्यकीय पथकाच्या) किंवा इस्पितळाच्या आसपास शोधायची.

या सेवेची मोठी उणीव तिच्या स्वतःच्याच समितीने 2021 च्या अहवालात मान्य केली. किमान 1 लाख 16 हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानिशी, किंवा कदाचित मुळीच, स्मृती राखली गेली नाही. भारतीयांच्या बाबतीतही दुजाभाव झाला: बसऱ्याच्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. हा अन्याय होता, आणि त्याची झळ आपल्या भागातल्या घरांना आजही लागते. म्हणून "नोंद नाही" याचा अर्थ "मेला नाही" किंवा "घरच्यांनी खोटं सांगितलं" असा कधीही घेऊ नका.

नाव राहिलं असेल किंवा चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज मोफत करता येतो, मात्र पुरावा त्या काळचा लागतो. पेन्शनचा कागद, पलटणीचं पत्र, थाळी आणि पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो जोडा. मृत्यू 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 किंवा 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातला असावा. पेन्शनचा कागद नसेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरच्या अभिलेख कार्यालयात क्रमांकासह लेखी अर्ज द्या. क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज बहुधा पुढे सरकत नाही, कारण एकाच नावाचे अनेक जवान निघतात.