चार पौंडांत अ‍ॅलेक गिनेस, सबटायटल मात्र तीनच डिस्कवर

लंडनमधल्या ईलिंगला राहून वीस वर्षं झाली. ६५ नंबरच्या बसमधून ईलिंग ग्रीनवरचा स्टुडिओ रोज दिसतो, पण तिथे बनलेला एकही सिनेमा मी पाहिला नव्हता. गेल्या महिन्यात आई आली, बाहेर पावसाची पिरपिर, आणि चॅरिटी शॉपमध्ये ब्रिटिश नट अ‍ॅलेक गिनेसच्या, त्याच स्टुडिओतल्या चार सिनेमांचा डीव्हीडी संच चार पौंडांना दिसला. घेऊन टाकला.

आधी तक्रारी उरकते. खोक्यावर भलंमोठं स्टिकर: ‘स्टार वॉर्स’मधला ओबी-वान! आत ओबी-वानचा पत्ता नाही, चारही सिनेमे १९४९ ते १९५५ मधले. ‘स्टार वॉर्स’च्या नफ्यातल्या वाट्याने गिनेसला म्हातारपणी पैशाची ददात राहिली नाही हे खरं, पण त्या एका भूमिकेवरून ओळखलं जाणं त्याला बिलकुल आवडायचं नाही. आणि नेमकं तेच बिचाऱ्याच्या कपाळावर डकवलंय. तिसऱ्या डिस्कचा मधला प्लास्टिकचा खुंट मोडलेला, म्हणून खोका उचलला की खुळखुळा वाजतो. पण तो जुन्या मालाचा दोष, सोडून द्या. सोडवत नाही ते हे की ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ला सबटायटलच नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीचं लंडनचं इंग्रजी आईच्या कानावरून जातं. दर दोन मिनिटांनी “काय म्हणाला गं?” आणि मी सांगेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला. बँकेतला भित्रा कारकून सोनं चोरतो आणि आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपात ते देशाबाहेर पाठवतो, एवढं तिला कळलं. बाकी तिने त्याच्या चालण्यावर निभावून नेलं.

सोबतची पुस्तिका बारीक टाइपातली, पण बरी आहे. जन्म १९१४, लंडन. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. सुरुवातीला जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरी. १९३४ मध्ये नामांकित नट जॉन गिलगुडने ‘हॅम्लेट’मध्ये ओस्रिकचं छोटं काम दिलं आणि चारच वर्षांत लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात हा स्वतः हॅम्लेट. युद्धात नौदलात होता, १९४३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत सैनिक उतरवणारी बोट त्याच्या ताब्यात होती. १९५७ च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी ऑस्कर, १९५९ मध्ये ‘सर’. कोऱ्या जागेवरून पुस्तिका एका वाक्यात पुढे सरकते. मी काही सरकू शकले नाही, कारण पहिलीच डिस्क ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ची, आणि त्यात हाच माणूस एका खानदानी घराण्यातले आठ जण झालाय.

डी’अ‍ॅस्कॉइन घराणं. या घराण्याने आपल्या आईला वाळीत टाकलं म्हणून सिनेमाचा नायक लुई एकेकाला संपवत जातो, आणि मरणारा दर वेळी गिनेस. पाद्री, जनरल, बँकवाला, मताच्या हक्कासाठी फुग्यातून पत्रकं टाकणारी लेडी अगाथासुद्धा. अ‍ॅडमिरल बुडत्या जहाजावर सलाम ठोकून उभा राहतो, पाणी टोपीपर्यंत चढतं तरी हात खाली येत नाही. आईने तेवढाच तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला. चर्चमधल्या दृश्यात तर सहा गिनेस एकाच चौकटीत दिसतात. कॅमेरा जागचा हलू न देता, भिंगाचा एकेक भाग झाकून, तीच फिल्म मागे गुंडाळून पुन्हा पुन्हा वापरलेली. कोणाचा धक्का लागू नये म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम रात्री कॅमेऱ्यापाशीच झोपला. मी ते दृश्य थांबवून जोड शोधत बसले. सापडला नाही.

‘द मॅन इन द व्हाइट सूट’ माझ्या मते चौघांत सगळ्यात शहाणा. कधी न मळणारं, न फाटणारं कापड शोधून काढणाऱ्या माणसामागे गिरणीमालकही लागतात आणि कामगारही. धुणी धुऊन पोट भरणारी म्हातारी त्याला विचारते, मग माझ्या धुण्याचं काय? तिथे आई म्हणाली, “बरोबर बोलली.” प्रयोगशाळेतल्या नळ्यांचा गुडगुड आवाज आता घरात चहा उकळतानाही निघतो, आई काढते.

‘द लेडीकिलर्स’ एकटाच रंगीत, आणि इथे मला धंद्यातलं बोलू द्या. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. गिनेस इथे दरोडेखोरांचा म्होरक्या प्रोफेसर मार्कस, आणि त्याला वरचे मोठे, पुढे आलेले दात लावलेत. असा जाड ऐवज ओठाखाली कोंबला की बोलणाऱ्याची जीभ अडखळते. नवी कवळी घेतलेले लोक पंधरा दिवस हेच रडगाणं गातात. गिनेसचा एकही शब्द घसरत नाही. उलट ओठ पुरता मिटत नाही याचाच त्याने उपयोग केलाय: म्हाताऱ्या घरमालकीण मिसेस विल्बरफोर्सशी अदबीने बोलतानाही दात काहीतरी वेगळंच सांगत असतात. सिनेमा अर्धा झाल्यावर आईने विचारलं, “हे सगळं ठीक आहे, पण आपला तो आठ जणांचा माणूस कधी येणार?”

सगळंच जमलं असं नाही. १९८४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’तले प्रोफेसर गोडबोले आठवतात ना? आईने तो टीव्हीवर पाहिला होता. हाच तो, असं सांगितल्यावर म्हणाली, “गोडबोले कसला, रंग फासलेला साहेब होता तो.” चेहऱ्यापेक्षा तिचा आक्षेप हातांवर होता, आपल्याकडचा माणूस हात असे ठेवत नाही म्हणे. या संचात तो सिनेमा नाही, ते बरंच.

जादाच्या ऐवजांत एक गंमत आहे. ‘काइंड हार्ट्स’चा अमेरिकेसाठी केलेला शेवट वेगळा दिलाय. तिथल्या सेन्सॉरला खुनी सुटतोय की काय अशी शंका चालणार नव्हती, म्हणून काही सेकंद जोडले. आधी मूळ शेवट बघा, मग हा. उलट केलंत तर मजा गेली.

सबटायटलची अडचण नसेल तर दहा पौंडांनाही मी हा संच घेईन. आई जाताना पांढऱ्या सूटची डिस्क पिशवीत घालून घेऊन गेली. परवा फोन आला, तिच्या प्लेअरने डिस्क थुंकून टाकली. रीजन दोनची आहे, म्हणजे युरोपातल्या प्लेअरसाठीची, भारतातल्या नाही. तसं खोक्यावर छापलंय म्हणा, ओबी-वानच्या स्टिकरखाली.