ओडब्ल्यूसी घेताय? आधी क्रेट मोजा

पुण्या-ठाण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये ओल्या कचऱ्यासाठी हमखास दिसणारं यंत्र म्हणजे ओडब्ल्यूसी, म्हणजेच ऑरगॅनिक वेस्ट कन्व्हर्टर. थ्री फेजची मोटर, आत फिरणारी पाती आणि शेजारी जाळीदार क्रेटची चळत. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5000 चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली, आणि कमिटीच्या बैठकांत याची कोटेशनं फिरायला लागली. खालचा सगळा हिशेब 80 फ्लॅटच्या सोसायटीचा.

विक्रेता सांगतो, ‘15 मिनिटांत काम खल्लास.’ खरं आहे, पण काम कोणतं? यंत्र कचरा बारीक करतं आणि त्यात लाकडाचा भुसा न् कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पावडर) कालवतं, बस. खत होतं ते क्रेटमध्ये. म्हणून मोटर किती हॉर्सपॉवरची, यावर तासभर चर्चा करण्यापेक्षा क्रेट किती देताय ते विचारा. 80 फ्लॅटचा ओला कचरा दिवसाला साधारण 50 किलो, त्यात 6-7 किलो भुसा. एका क्रेटमध्ये 15-17 किलोच्या वर भरू नये. काठोकाठ भरलं की मधल्या भागाला हवा मिळत नाही आणि तिथेच सडतं. म्हणजे रोज 4 क्रेट, आणि पहिला क्रेट रिकामा व्हायला 15 दिवस. झाले 60. कोटेशनमध्ये 25-30 लिहिलेले असले, तर आठवड्यानंतर अर्धवट माल पोत्यात भरायची वेळ येणार आणि वासाच्या तक्रारी पहिल्या मजल्यावरून सुरू होणार. क्रेटसाठी छप्पर असलेली, वारा खेळणारी जागा हवी. बेसमेंटमधली पंपाजवळची कोपऱ्यातली खोली चालत नाही.

यंत्राचा खरा वैरी म्हणजे दोरा. हारांचे, गजऱ्यांचे दोरे पात्याच्या दांड्याला गुंडाळले जातात, त्यावर मक्याची सालं आणि उसाचं चिपाड अडकतं, मोटर गरम होऊन ट्रिप होते. गणपतीत आणि दसऱ्याला निर्माल्य सरळ आत टाकू नका. फुलं ओरबाडून घ्या, दोरा सुक्या कचऱ्यात. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोया आणि मोठी हाडं बाजूलाच ठेवा. दुसरा उपद्रव दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. निवडताना तो दिसत नाही, यंत्रातून आणखी बारीक होऊन निघतो आणि खतात कायमचा राहतो. पिशवीला फक्त चीर द्या, तुकडा वेगळा करू नका, ही सूचना लिफ्टमध्ये लावणं कोणत्याही चाळणीपेक्षा स्वस्त पडतं.

भुसा कोरडा आणि साध्या लाकडाचाच हवा. प्लायवूड-एमडीएफचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात गोंदातली रसायनं असतात, नकोच. पावसाळ्यात भुसाच दमट येतो, म्हणून मे महिन्यातच दोन महिन्यांचा साठा करून ताडपत्रीखाली ठेवा. आवारात झाडं असतील तर सुका पाला चुरून अर्धा भुसा वाचवता येतो. कल्चरच्या पाकिटांचा मात्र फार बाऊ केला जातो. सुरुवातीला वापरा, एकदा चक्र बसलं की तयार खताच्या दोन मुठी किंवा आंबट ताक शिंपडलं तरी भागतं.

यंत्रातून निघालेला माल मुठीत दाबून पाहावा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी भुसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रेटमध्ये खुपसलेली लोखंडी सळई हाताला चटका देईल इतकी तापली पाहिजे. आतलं तापमान 55 अंशांच्या वर जातं, तिथे रोगजंतू आणि माश्यांची अंडी टिकत नाहीत. सळई गारच असेल तर माल फार ओला किंवा फार कोरडा आहे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाचीच. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे भुसा कमी. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कमी, क्रेट उपसून खालीवर करा. तपकिरी जाड अळ्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. पण त्या वळवळताना पाहून सभासद बैठकच बोलावतात, हेही खरं.

15 दिवसांचं खत कुंडीत लगेच घालायचं नाही. अजून 3 आठवडे मुरू द्या, नाहीतर कोवळी रोपं जळतात. मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या बंद पिशवीत 2 दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर नाही. याच कसोटीवर ‘24 तासांत खत’ देणारी यंत्रं नापास होतात. ती अन्न तापवून सुकवतात. भुकटी दिसते छान, पाणी लागलं की पुन्हा सडायला लागते. वीजबिल वेगळंच. तो पर्याय सोडून द्या.

खरेदी एकदाच होते. भुसा, वीज, पात्यांची धार आणि माणसाचा पगार मात्र दर महिन्याला. रोज 2 तास देणारा, कामाची माहिती असलेला माणूस नसेल तर यंत्र महिनाभरात ताडपत्रीखाली जातं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य हे काम करतात, तिथे विचारून पाहा. हातमोजे, बूट आणि हात धुवायला नळ सोसायटीने द्यायचा.

30-40 फ्लॅटपर्यंत यंत्राच्या भानगडीत पडूच नका. जाळीचे दोन-तीन उभे पिंजरे, सुका पाला आणि कचरा हाताने बारीक करायला एक कोयता पुरतो. त्याहून मोठ्या सोसायटीने ओडब्ल्यूसी घ्यावी, पण चाचणी विक्रेत्याने आणलेल्या कोबीच्या पाल्यावर नको, आपल्याच रविवारच्या कचऱ्यावर घ्या. आणि करारात लिहून घ्या: त्या दिवशी भरलेला क्रेट 15 दिवसांनी सगळ्यांसमोर उघडायचा, मगच शेवटचा हप्ता.