तपकीर गल्लीतील बोर्ड-दुरुस्तीचे दुकान : एका जुन्या संचाच्या निमित्ताने

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतील एका जिन्याखाली सर्किट बोर्ड दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. गेल्या महिन्यात मी तेथे आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतील ८०३१ मायक्रोकंट्रोलरचा (एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाचा) जुना प्रशिक्षण संच घेऊन गेलो होतो. या संचावर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या शिकून गेल्या आहेत. तो कधी सुरू होई, कधी अजिबात होत नसे, आणि शेवटी पूर्णच मुका झाला. पुरवठादाराने बोर्ड न उघडताच "मुख्य चिप गेली, नवा संच घ्या" असे कळवले होते.

या दुकानातील काकांनी मात्र सोल्डरिंग आयर्नला हात लावण्यापूर्वी जवळजवळ अर्धा तास केवळ तपासणीवर घालवला. त्यांनी आधी ५ व्होल्टचा पुरवठा मोजला, मग चिप नव्याने सुरू करणाऱ्या ९ क्रमांकाच्या रीसेट पिनवरील व्होल्टेज सुरुवातीच्या क्षणानंतर खाली येते की नाही ते पाहिले. ऑसिलोस्कोपचा (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब त्यांनी थेट क्रिस्टलच्या, म्हणजे चिपला ठोक्यांची लय देणाऱ्या क्वार्ट्झच्या भागाच्या, पायांवर न ठेवता चिप चालू असताना ठोके देणाऱ्या ३० क्रमांकाच्या ए.एल.ई. (अ‍ॅड्रेस लॅच एनेबल) पिनवर ठेवला, आणि याच गोष्टीने मला त्यांच्याबद्दल खात्री वाटली. प्रोबची स्वतःची धारिता (कपॅसिटन्स) क्रिस्टलवर भार टाकते आणि त्यामुळे चालू असलेले कंपनही कधीकधी थांबते, ए.एल.ई. पिनवर मात्र क्रिस्टलच्या एक षष्ठांश वारंवारता मिळते आणि मोजणीने मूळ परिपथ बिघडत नाही. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला तेथे १.८४३२ मेगाहर्ट्झ दिसायला हवे होते, पण पडद्यावर सरळ रेघ होती. काकांनी पेनाच्या मागच्या टोकाने क्रिस्टलच्या पत्र्याच्या डबीवर हलकेच टिचकी मारली, तेव्हा क्षणभर चौकोनी लाटा उमटल्या आणि विरून गेल्या. आतली क्वार्ट्झची चकती तडकली असावी किंवा तिचा आधार सुटला असावा, असे ते म्हणाले. संच टेबलावरून पडला होता का, हेही त्यांनी विचारले. दोन वर्षांपूर्वी तो खरोखरच पडला होता.

बोर्ड दुपदरी, म्हणजे दोन्ही बाजूंना तांब्याच्या वाटा असलेला, असल्यामुळे त्या उखडू नयेत म्हणून त्यांनी क्रिस्टल ओढून काढला नाही. दोन्ही टाक्यांवर थोडे ताजे सोल्डर घालून, ते पूर्ण वितळल्यावरच डबी अलगद उचलली आणि छिद्रे पंपाने मोकळी केली. हाताशी असलेला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावताच संचाचा डिस्प्ले उजळला, म्हणजे चिप शाबूत होती. तेवढ्यावर काम उरकणारे अनेक जण मी पाहिले आहेत. परंतु संचाला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर निरर्थक अक्षरे येऊ लागली, कारण ११.०५९२ मेगाहर्ट्झला आधी १२ ने, मग ३२ ने आणि शेवटी ३ ने भागले की नेमका ९६०० चा सिरीयल वेग (संगणकाशी दर सेकंदाला बिट्सची देवाणघेवाण करण्याचा वेग) मिळतो, तर १२ मेगाहर्ट्झवर तोच वेग सुमारे १०४१७ होतो. साडेआठ टक्क्यांची ही तफावत संगणकाला पेलत नाही. "सर, योग्य क्रिस्टल शेजारच्या दुकानातून आणतो, पाच मिनिटं बसा," असे म्हणून ते स्वतः उठून गेले. नवा क्रिस्टल लावताना त्याची धातूची डबी खालच्या वाटांना टेकू नये म्हणून त्यांनी ती बोर्डापासून किंचित वर ठेवली. सोबतचे दोन धारित्रक (कपॅसिटर) त्यांनी मोजून पाहिले आणि ठीक असल्याने तसेच राहू दिले.

एक तक्रार मात्र नोंदवतो. टाके घातल्यानंतर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा) चिकट थर त्यांनी तसाच सोडला होता, आणि क्रिस्टलच्या पायांभोवती असा थर ओल धरून पुढे विजेची गळती करू शकतो. मी सांगितल्यावर त्यांनी ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो स्वच्छ केला, परंतु हे न सांगता व्हायला हवे. छापील पावतीही मिळत नाही, त्यामुळे संस्थेच्या हिशेबासाठी ती आधीच मागून घ्यावी लागते. क्रिस्टल आणि मजुरी मिळून तीनशे वीस रुपये झाले, आणि जुना क्रिस्टल त्यांनी कागदात गुंडाळून परत दिला.

संच आता रोज प्रात्यक्षिकाला चालतो. तेथे जायचे असल्यास सकाळी दुकान उघडताना जावे, कारण दुपारनंतर गर्दी वाढली की तपासणीला एवढा वेळ देणे त्यांना जमत नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले.