रिझोल्यूशन बदलायचंय: एक्सरँडआर की कॉन्फिग फाइल?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन १०२४ बाय ७६८ वरच अडकली, अक्षरं फुगलेली, की दोन वाटा असतात. टर्मिनलमध्ये एक्सरँडआर ही रिझोल्यूशन बदलणारी कमांड चालवायची, नाहीतर एक्सऑर्गच्या (लिनक्सवर ग्राफिकल स्क्रीन दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) कॉन्फिग फाइलमध्ये मॉनिटरचा सेक्शन लिहायचा.

माझा कौल आधी एक्सरँडआरला. नुसती कमांड दिली तरी पॅनेलचं, म्हणजे लॅपटॉपच्या स्क्रीनचं, नाव (बहुधा ईडीपी-१, जुन्या मशीनवर एलव्हीडीएस) आणि उपलब्ध मोड, म्हणजे रिझोल्यूशनचे पर्याय, दिसतात. चालू मोडपुढे चांदणी, पॅनेलच्या पसंतीच्या मोडपुढे अधिकचं चिन्ह. हवा तो मोड सांगितला की क्षणात बदल. यादीत नसेल तर सीव्हीटी कमांडकडून मोडलाइन (त्या मोडची तांत्रिक मापं सांगणारी ओळ) काढून जोडायची. इथे एक गंमत आहे: १३६६ बाय ७६८ मागितलं तर सीव्हीटी १३६८ देते, कारण ती रुंदी ८ च्या पटीत धरते. त्या दोन पिक्सेलांपायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती!

खोट एवढीच, की सेशन संपलं की सगळं पुसलं जातं. कमांड एक्सप्रोफाइल या लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये टाकली तर लॉगिननंतर आपोआप चालते. लॉगिनची स्क्रीन मात्र फुगलेलीच राहते.

फाइलचा बदल टिकतो, लॉगिन स्क्रीनलाही लागू होतो. पण एखादं अवतरणचिन्ह राहिलं तर ग्राफिकल स्क्रीन येतच नाही. मग नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर बसून चूक शोधा. म्हणून आधी एक्सरँडआरने तपासून घ्या, जमलं तरच फाइलला हात लावा.

वेलँडवर (एक्सऑर्गच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर) असाल तर दोन्ही विसरा, थेट डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये जा.