गिअरलेस स्कूटर, काही महिन्यांच्या वापरानंतर: सोपेपणाची खरी किंमत उजव्या मुठीत

११० ते १२५ सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर नवी असताना तिच्याबद्दल एकच मत ऐकू येतं: फारच सोपी गाडी. बसा, सेल्फ मारा, मूठ पिळा, निघा. काही महिने रोज चालवल्यावर हे मत खोटं ठरत नाही, पण अर्धं ठरतं. गिअर नाहीत म्हणजे क्लचसुद्धा आपल्या हातात नाही. मोटरसायकलवर काही बिनसलं तर डाव्या हाताने क्लच दाबायचा, इंजिन आणि चाक वेगळं होतं. स्कूटरमध्ये ही जोडणी-तोडणी इंजिनच्या फेऱ्यांवर ठरते आणि फेऱ्या ठरवते उजवी मूठ. त्याच हाताच्या बोटांखाली पुढचा ब्रेक. नवख्यांच्या कितीतरी पडझडी या एका हाताच्या दुहेरी कामातून होतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

आतली रचना थोडी समजली की गाडीचं वागणं लगेच उलगडतं. इंजिनची ताकद रबरी बेल्टमधून मागच्या पुलीला जाते आणि तिथे क्लचचे शूज असतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण १,७०० फेऱ्यांवर गुरगुरत असतं, तेव्हा स्प्रिंग हे शूज आत ओढून धरतात. रेस वाढवली, फेऱ्या ३,००० च्या आसपास गेल्या, की शूज बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या गोल डब्याला, म्हणजे क्लचच्या ड्रमला, घट्ट धरतात आणि चाक फिरायला लागतं. म्हणजे मुठीचा पहिला थोडा भाग रिकामा, आणि मग एकदम पकड. नवखा माणूस त्या रिकाम्या भागात ‘गाडी का जात नाही’ म्हणून आणखी पिळतो, गाडी हिसका मारून सुटते, अंग मागे जातं, अंगाबरोबर मनगट खाली येतं आणि रेस आणखी वाढते. घाबरून मूठ आवळली की हेच चक्र पुढे चालू.

यावर उपाय पकडीचा आहे. मूठ अशी धरायची की रेस पूर्ण बंद असताना मनगट हाताच्या रेषेत किंवा किंचित वर राहील. मनगट आधीच खाली लोंबत असेल तर हिसक्यात ते आणखी खाली जाणार. कोपर थोडे वाकलेले, खांदे सैल, गुडघे आत. निघताना डावा, म्हणजे मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा, मूठ सावकाश पिळायची, मागून ओढ जाणवली की ब्रेक सोडायचा. मोकळ्या मैदानात हे वीस-पंचवीस वेळा केलं की तो पकडीचा बिंदू हाताला कळतो. मात्र ब्रेक आणि रेस एकत्र धरून ठेवायची सवय लावू नका. चढावर थांबताना रेसवर गाडी तोलून धरणारे पुष्कळ दिसतात. तेवढा वेळ शूज ड्रमवर घासत तापत असतात, त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग निघताना गाडी थरथरते. चढावर ब्रेकने थांबायचं, ब्रेक धरूनच निघायचं.

इंजिन चालू ठेवून गाडी ढकलणं हा तर निव्वळ धोका. पार्किंगमध्ये खाली उतरून, शेजारी उभं राहून, उजव्या हाताने मूठ धरून गाडी ओढायला गेलं की मूठ हमखास पिळली जाते आणि गाडी माणसाला ओढत भिंतीवर जाते. उतरण्याआधी चावी बंद, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. मधल्या स्टँडवरून गाडी काढतानाही इंजिन बंद हवं, कारण स्टँडवर रेस दिली की मागचं चाक हवेत जोरात फिरतं आणि जमिनीला टेकताक्षणी गाडी सुटते. साइड स्टँड खाली असताना इंजिन चालू होऊ न देणारा सेन्सर असलेली गाडी मिळत असेल तर ती घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोबाईल चार्जरपेक्षा ही सोय कितीतरी मोलाची.

कमी वेगातलं वळण हा दुसरा सापळा. रेस पूर्ण सोडली की वेग साधारण ताशी १५ किमीच्या खाली आल्यावर शूज सुटतात आणि गाडी मोकळी घरंगळते. यू-टर्नच्या मध्यावर असं झालं की गाडी आत झुकायला लागते. सावरायला मूठ पिळावी तर पकड एकदम येते आणि गाडी बाहेर फेकली जाते. म्हणून वळणभर थोडी रेस कायम ठेवायची आणि वेग डाव्या ब्रेकच्या हलक्या घासणीने सांभाळायचा. नजर पुढच्या चाकाकडे नको, जिथे बाहेर पडायचं तिथे हवी. हँडल वळलेलं असताना उजवा ब्रेक मात्र अजिबात नको: पुढचं चाक जागीच थांबतं, वजन वळलेल्या बाजूला कोसळतं आणि शंभर किलोच्या वरची गाडी एका पायाने सावरत नाही. फाटकातून आत वळताना पडणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच पडतात.

उतारावरही हीच गोष्ट उलट्या बाजूने. शूज धरलेले असतात तोवर रेस सोडल्यावर इंजिन थोडं रोखून धरतं. ते सुटले की रोखणारं काही उरत नाही आणि गाडी स्वतःहून वेग घेते. अशा वेळी क्षणभर हलकी रेस द्यावी, शूज पुन्हा धरतात, आणि मग रेस सोडली की इंजिनचा रोध परत मिळतो. लांब घाटात ब्रेक सतत दाबून ठेवू नये, ब्रेकचा ड्रम तापला की पकड घटते. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

आता ब्रेक. उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा, डावा मागच्या. अनेक गाड्यांत जोडब्रेक असतो, म्हणजे डावा दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. चांगली सोय आहे, पण ‘डावा पुरतो’ असा समज तिच्यामुळे पक्का होतो आणि तो चुकीचा आहे. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि त्यावर जास्त जोर दिला तर ते लॉक होऊन घसरतं. थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या चाकात असते. हिशोब करून बघा. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला तर ११ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण १० मीटर, फक्त मागचा वापरला तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. ६० च्या वेगाला दोन्ही ब्रेक लावूनही एकूण अंतर ४० मीटरच्या घरात जातं, कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं.

पुढचा ब्रेक झटक्यात ओढायचा नाही. आधी हलका, वजन पुढे आल्याचं जाणवलं की घट्ट. सुरुवातीला ताशी २० किमीला, मग ३० ला, हँडल सरळ ठेवून, मोकळ्या कोरड्या जागेत सराव करावा. आणखी एक बारीक गोष्ट: उजवा ब्रेक दाबताना रेस पूर्ण बंद आहे का ते बघा. चार बोटांनी घाईत लिव्हर ओढताना मूठही नकळत पिळणारे असतात. ब्रेक आणि इंजिन एकमेकांशी भांडत राहतात आणि गाडी काही थांबत नाही.

ड्रम ब्रेकच्या लिव्हरला पकड लागण्याआधी साधारण १० ते २० मिमी मोकळी चाल असावी. ब्रेक शूजवरचे लायनर झिजतात तशी ती वाढते. मागच्या चाकाजवळचा नट अर्धा-एक फेरा घट्ट केला की ती जागेवर येते, पण चाक हाताने मोकळं फिरतंय याची खात्री करूनच. ड्रमवरच्या आर्मचा बाण खुणेपर्यंत पोचला असेल तर नट आवळून उपयोग नाही, ब्रेक शूज बदलायची वेळ झाली. पुढे डिस्क असेल तर पॅडवर किमान २ मिमी मटेरियल शिल्लक हवं आणि ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदलावं, ते हवेतला ओलावा शोषतं. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागला तर नळीत हवा आहे. तशी गाडी चालवायचीच नाही.

चाकं लहान असणं ही स्कूटरची स्वभावगत मर्यादा. मोटरसायकलचं चाक १७-१८ इंची, इथे १० किंवा १२. त्यामुळे जो खड्डा मोटरसायकल सहज ओलांडते त्यात स्कूटरचं चाक उतरतं. खड्डा टाळता येत नसेल तर आधीच ब्रेक लावून वेग उतरवायचा आणि ऐन खड्ड्यात ब्रेक सोडायचा, कारण ब्रेक लागलेल्या स्थितीत पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं. रेल्वे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायचे. ओले पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, वळणावरची वाळू आणि खडी या सगळ्यांवरून गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता, रेस न बदलता जायचं. पावसाची पहिली सर जास्त वाईट, रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा वर तरंगते.

हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना बघावी. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे २२ ते २५ पीएसआय आणि मागे एकट्यासाठी २८-२९ लागते, डबलसीटला मागे ३३ ते ३६. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, तोच खरा. हवा भरणाऱ्याला आकडा आपण सांगायचा. ‘दोन्हीकडे टाईट’ म्हटलं की पुढचं चाक दगडासारखं होतं आणि ओल्यात घसरतं. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पहिले दीडशे-दोनशे किमी जास्त झुकवू नये. टायर बदलताना बाजूचा चार अंकी शिक्का वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा.

वजनाबाबत स्कूटर फार नाजूक आहे. इंजिन मागेच असल्याने पुढचं चाक मुळात हलकं, त्यात डबलसीट आणि मागे भरलेला टॉप बॉक्स आला की हँडल सैल वाटायला लागतं. ठराविक वेगाला हँडल थरथरत असेल तर आधी मागचं सामान काढून बघा, मग हवा, मग टायरची झीज, शेवटी स्टिअरिंगचं बेअरिंग. थरथर सुरू झाली तर दोन्ही हात हँडलवर, रेस हळू सोडायची, ब्रेक झटक्यात नको. फूटबोर्डवर पाय ठेवायला जागा उरणार नाही इतकं सामान ठेवलं की पाय बाहेर लोंबतात आणि तोल जातो. पिशवी हँडलला अडकवणं त्याहून वाईट, पूर्ण वळणावर ती गुडघ्यात अडकते. डबलसीट असताना हेडलाइटचा झोत वर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात. तो खाली करायचा स्क्रू बहुतेक गाड्यांना असतो.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकीच सैल जागा हवी. मागून वर ढकलून बघा, हेल्मेट डोक्यावरून पुढे निघत असेल तर माप मोठं आहे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलावं, कारण आतला थर्माकोल एकदाच दबतो. इंडिकेटर बहुतेक स्कूटरचा आपोआप बंद होत नाही. वळण झालं की अंगठ्याने बंद करायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा, नाहीतर मागचा माणूस आपण वळणार समजून चुकीच्या बाजूने पुढे येतो. आरशात खांद्याची कड दिसेल इतपतच आरसा आत वळवायचा आणि लेन बदलण्याआधी मान वळवून एकदा बघायचंच.

साचलेल्या पाण्यातून शक्यतो जाऊ नये. बेल्टच्या खोक्यात पाणी शिरलं की इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी जागची हलत नाही, बेल्ट घसरतोय. बाहेर येऊन थोडा वेळ थांबलं की सहसा सुरळीत होतं. पण पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारत बसू नका. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतला दांडा वाकतो. पाण्यातून आल्यावर ड्रमसुद्धा ओले असतात. मागे कोणी नाही बघून, हळू चालवत दोन्ही ब्रेक हलके घासून वाळवायचे, मगच वेग घ्यायचा.

देखभाल फार नाही, पण जी आहे ती चुकवून चालत नाही. पहिले ५०० ते १,००० किमी पूर्ण रेस टाळायची आणि पहिली सर्व्हिस वेळेवर करायची. इंजिन ऑइल ७०० ते ८०० मिली एवढंच असतं, त्यामुळे शंभर मिली कमी झालं तरी फरक पडतो. डब्यावर जासो एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, कारण तिचा क्लच तेलात बुडालेला नसतो. मोटरसायकलच्या एमए ऑइलने गाडी बिघडत नाही, पण एमबी ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नये, तिचा क्लच घसरतो. बेल्ट साधारण २० ते २४ हजार किमीला बदलतात; निघताना कचकच किंवा एका वेगाला हिसका जाणवला तर आकड्याची वाट न बघता बेल्ट आणि पुढच्या पुलीतले रोलर तपासून घ्यावेत. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, सव्वाशे मिलीच्या आतबाहेर. सर्व्हिसमध्ये त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. त्याचं सील गळायला लागलं तर ऑइल सरळ मागच्या ड्रममध्ये उतरतं आणि डावा ब्रेक पूर्ण दाबूनही पकड येत नाही. रिमच्या आतल्या बाजूला ओलसर काळा डाग दिसला तर गाडी तशीच घरी न नेता सील आणि ब्रेक शूज दोन्ही बदलून घ्या.